चोवीस आटे की सव्वीस? जुन्या रॅले सायकलीला नवा पार्ट का अडतो

आधी काय झालं ते सांगतो. आमच्या आबाजींची रॅले कोठ्यात पऱ्हाट्यांच्या भाऱ्यामागं कितीतरी वर्षं उभी होती. आबाजी पुलगावला जिनिंगमध्ये मुनीम होते, आर्वी-पुलगाव छोटी लाईन चालू होती तरी ते सायकलनंच जायचे, म्हणे गाडीच्या आधी पोचतो. घरात ही गोष्ट इतक्यांदा सांगून झालीय की आता खरी-खोटी कोणी विचारत नाही. यंदा कपाशीची उलंगवाडी झाली, शेवटची वेचणी संपली, हाताला जरा सवड होती, म्हणून सायकल बाहेर काढली, कोंबड्यांनी सीटवर केलेलं सगळं धुतलं, रॉकेलमध्ये नट भिजवले, चेन सोडवली, तिथवर सगळं मजेत.

पायडल मारलं की खालून कट-कट वाजायचं. उघडलं तर बीबीच्या डाव्या कपात खड्डे पडलेले. (बीबी म्हणजे दोन्ही पायडलांच्या मधला तो आडवा पाइप, ज्यात धुरा फिरतो, त्याच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप.) म्हटलं यात काय मोठं, तालुक्याच्या दुकानातून नवा कप आणला, जुना न नवा शेजारी ठेवला तर जुळे भाऊ. लावायला गेलो, दोन फेरे अलगद गेला, तिसऱ्याला अडला. दुकानातल्या पोरानं "गंज असन भाऊ" म्हणत पान्याला पाइप लावला न दिली ताकद, अन् कर्रर्र असा जो आवाज आला तो अजून माझ्या दातात आहे.

गंज नव्हता, राजेहो. नव्या कपाला इंचाला २४ आटे होते अन् आबाजींच्या फ्रेमला २६.

जुन्या सायकलीच्या नादात पडलेल्या माणसानं दुसरं काही नाही तरी हे एवढं समजून घ्यावं, कारण हे दोन आटे डोळ्याला सारखे, बोटाला सारखे, अन् वर्नियर लावला तरी जवळपास सारखेच. २४ वाल्या कपाचा व्यास १.३७० इंच, म्हणजे ३४.८० मिलिमीटर. रॅलेच्या २६ वाल्याचा १ ३/८ इंच, म्हणजे ३४.९३. फरक ०.१३ मिलिमीटर, एवढा तर घासलेल्या कपातच निघतो. हँडलखाली चिमट्याचा (पुढचं चाक धरतो तो) जो उभा पाइप असतो त्याचं तर त्याहून वाईट, दोन्हीकडं बरोबर १ इंच. म्हणजे जाडी मोजून काही हाती लागत नाही, मोजायचं ते आट्यांतलं अंतर. २४ मध्ये एका आट्यापासून दुसरा १.०५८ मिलिमीटरवर, २६ मध्ये ०.९७७ वर. एका आट्याला फरक ०.०८ चा, तो ढिलेपणात खपून जातो, म्हणून पहिले दोन फेरे गोड लागतात. तीन आट्यांत तोच फरक पाव मिलिमीटर होतो अन् सहाव्याला टोकावर टोक येतं. त्यापुढं ताकद लावली की कप आत जातो खरा, पण स्वतःचे आटे पाडत जातो अन् फ्रेमचे खात जातो.

मग २६ आले कुठून? इंग्रजांच्या सायकलींना पूर्वी सायकल इंजिनिअर्स इन्स्टिट्यूटनं आट्यांचं माप ठरवून दिलं होतं, त्यात बारीक एक्सलला २६ अन् बीबीसारख्या मोठ्या व्यासाला २४ असा हिशेब. बाकी कारखाने त्यावर चालले. नॉटिंगहॅमच्या रॅलेचं घर मोठं, हब, क्रँक, कप सगळं आपल्याच घरात बनायचं, त्यांनी बीबीला न चिमट्यालाही २६ च ठेवलं. बीबीचा पाइपही इतरांच्यात ६८ मिलिमीटर रुंद तर यांचा ७१, काहींत ७६. म्हणजे पार्ट लागला तर परत आमच्याच दारात या. मला विचाराल तर हा धंद्याचा हिशेब होता, पण आबाजींसमोर असं बोललो असतो तर त्यांनी मला कोठ्यातच उभं केलं असतं, त्यांच्या लेखी रॅले म्हणजे रॅले.

आता लोक काय करतात, बिल्ला पाहून ठरवतात. रॅले असेल तर २६, नाहीतर २४, संपलं. पण बिल्ल्यावर जाऊ नका, कारण मालक बदलत गेले अन् बिल्ले तेच राहिले. हंबर कंपनी रॅलेनं १९३२ मध्ये घेतली, रज कंपनी १९४३ मध्ये, बीएसएच्या सायकली १९५७ मध्ये, अन् १९६० मध्ये तर हर्क्युलिस न फिलिप्स बनवणारा टीआयचा (ट्यूब इन्व्हेस्टमेंट्सचा) गट न रॅले एकाच छताखाली आले. म्हणजे नाव हर्क्युलिस असलं तरी सायकल बर्मिंगहॅमच्या जुन्या कारखान्याच्या काळातली की नंतरची, यावर आतलं लोखंड बदलू शकतं. त्यात आपल्याकडच्या वेगळ्याच, बंगालात आसनसोलला सेन-रॅले बनायच्या, मद्रासजवळ अंबत्तूरला टीआयवाले हर्क्युलिस बनवायचे. बिल्ला कुठलाही असो, आटे मोजल्याशिवाय पार्ट मागवायचा नाही. चेनच्या चक्राची नक्षी पाहून सायकल कोणाची ते सांगता येतं, रॅलेच्यात बगळ्याची मान, हंबरच्यात पाच माणसं, रजच्यात पंजा, पण चक्र तर कोणीही काढून दुसऱ्या फ्रेमला लावतो, आमच्याकडं तर लावतातच.

मोजायचे कसे? गेज, म्हणजे आट्यांवर टेकवून मोजायची दातेरी पट्टी, आणा असं सगळे सांगतात. आता खेड्यात थ्रेड गेज कुठून आणायचा, तालुक्यात लेथवाल्याकडं असतो अन् तोही आज नाही उद्या ये म्हणतो. स्टीलची पट्टी लावून अर्ध्या इंचात टोकं मोजायची तर १२ की १३ एवढाच फरक, कपाला तेवढे आटे धड उरलेले असतील तर जमतं, नाहीतर चष्मा लावून तीन वेळा मोजलं तर तीन आकडे येतात, माझे आले.

खरी युक्ती मला म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांनी दाखवली. कप घेऊन गेलो तर ते म्हणाले, "काऊन रे बापू, गेज तं तुह्या मागच्या चाकातच हाय." अन् खरंच आहे. आपल्या साध्या काळ्या देशी सायकलीच्या मागच्या हबवर फ्रीव्हील ज्या आट्यांवर चढतं ते २४ चे. त्याच चाकाच्या एक्सलचे आटे २६ चे. दोन्ही मापं एकाच चाकात, प्रत्येक पंक्चरवाल्याच्या भंगारात पडलेली! आपला कप घ्यायचा, त्याचे बाहेरचे आटे आधी हबच्या आट्यांवर टेकवायचे, उजेडाकडं धरायचं. दात दातात बसले अन् मधून उजेड दिसला नाही तर २४. डुगडुगला, मधूनमधून फट दिसली तर एक्सलवर टेकवून पाहायचा, तिथं गच्च बसला की २६. दोन मिनिटांचं काम. फक्त एक्सल जुन्या देशी सायकलीचाच घ्या, गिअरवाल्या नव्या सायकलीचा नको. तिचे आटे मिलिमीटरचे, एका आट्याला बरोबर १ मिलिमीटर, म्हणजे २४ न २६ च्या मधे कुठंतरी पण २६ च्या इतकं जवळ की पुन्हा फसाल.

पार्ट आत फिरवून पाहायचाच असेल तर हातानं. पाना उचलायचाच नाही. ग्रीस लावून बोटांनी पाच-सहा फेरे गेला तर तो तुमचा, दोन फेऱ्यांत अडला तर उलटा फिरवून बाहेर. एक भानगड दोन्ही मापांत सारखी आहे, चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या काट्यासारखा फिरवला की सुटतो. हे माहीत नसलेला माणूस हातोडा, छिन्नी, वेल्डिंग सगळं करून बसतो.

सगळीकडं हा घोळ नाही, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक घाबरून सायकल भंगारात देतील. फ्रीव्हील आपलं देशी बसतं. पायडल बसतं. छर्रे तर सगळीकडचे एकच, बीबीला पाव इंची, एका बाजूला ११, कुठल्याही दुकानात मिळतात. टायर २८ बाय दीडचा, तो तर इंग्लंडवाले शोधत फिरतात अन् आपल्याकडं बाजाराच्या दिवशी दुकानाबाहेर लटकलेला असतो. आरे पुढं ३२ मागं ४०, आपल्याकडंही तेच, म्हणून रिमही इथलीच चालते. अडतं ते दोनच जागी, बीबीचे कप अन् हँडलखालचे चिमट्याचे नट-कटोरी.

त्यातलं बीबीचं दुखणं एकवेळ परवडलं. व्यास जवळपास सारखे आहेत ना, म्हणून फ्रेममध्ये २४ चा टॅप फिरवून नवे आटे पाडून घेणारे लोक आहेत, जुन्या आट्यांवर आडवे नवे पडतात, धातू कमी उरतो, पण पाइप लांब असल्यानं कप धरून राहतो. मला हे आवडत नाही, एकदा पाडले की ती फ्रेम ना धड २६ ची ना २४ ची, पण सायकल रोज शेतात न्यायची असेल तर मी नावं ठेवणार नाही. चिमट्याला मात्र हा प्रयोग कोणीही करू नका. तिथले आटे कच्चे झाले तर हँडल ढिलं पडायला शेताच्या बांधावरचा एक दगड पुरतो. तिथं नटच जमत नसेल तर दुसरा चिमटा त्याच्या कटोऱ्या न नटांसकट घ्या, एकेक पार्ट जोडत बसू नका.

अन् जुना पार्ट फेकू नका. हे मी स्वतःलाच सांगतोय, कारण चिमट्याचा वरचा लॉकनट मीच गंजलेला म्हणून भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला होता, तेव्हा कुठं कळत होतं. बीबीचा जुना खड्ड्याचा कप तेवढा वाचला होता, फ्रेमचे पहिले दोन आटे पान्याला लावलेल्या त्या पाइपच्या नादात गेले होते तरी पुढच्यांनी तो धरला. नवे ११ छर्रे, भरपूर ग्रीस, अन् घट्ट करून पाव फेरा मागं. कट-कट अजून आहे थोडी, पण आता चढावरच येते. दुसरा कप मिळेपर्यंत चालेल.

लॉकनटासाठी मग मिस्त्रीकाकांच्या दारात पुन्हा उभा राहिलो, या वेळी अख्खा चिमटा खांद्यावर घेऊन. त्यांच्याकडं जुन्या नटांचा एक डालडाचा डबा आहे, तो जमिनीवर उपडा केला अन् आम्ही दोघं एकेक नट चिमट्यावर हातानं फिरवत बसलो. दोन फेऱ्यांत अडला की बाजूला. चहा झाला, पुन्हा एक चहा झाला. अडतीस-चाळीस नटांनंतर एक असा गेला की बोटानं टिचकी मारली तर स्वतःच फिरत खाली उतरला. काकांनी पैसे घेतले नाहीत, पण म्हणाले, "आता बसलाच हायेस तं बाकीचे बी निवडून दे." म्हणून मग तेही काम केलं, एकमेकांना जुळणारे नट तारेत ओवले, २६ च्या तारेला लाल चिंधी बांधली. लाल तारेवर तीनच आहेत.