मनातले मांडे तपासताना

लहानपणी वीज गेली की मी आणि ताई एक खेळ खेळायचो. मेणबत्तीच्या उजेडात ताई जुन्या वहीचं मागचं पान उघडायची, मधोमध उभी रेघ मारायची आणि विचारायची, "समज, लॉटरी लागली. मग?" रेघेच्या डावीकडे खर्च, उजवीकडे वाटे. डावी बाजू पाच मिनिटांत भरायची: मोठं घर, दूरचा प्रवास, पुस्तकांचं कपाट, दोघींना वेगवेगळ्या खोल्या. उजवीकडे आलो की पेन्सिल थबकायची. कुणाला किती द्यायचं? आधी कुणाला? आत्याला दिलं आणि काकांना नाही, तर काकांना काय वाटेल? वीज परत आली तरी तो वाद मिटलेला नसायचा. दहा नावांत ताईने मला पाचवं टाकलं होतं, याचा राग मी कितीतरी दिवस धरून होते.

पुढे मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रातलं संशोधन वाचायची गोडी लागली, तेव्हा कळलं की त्या पानावरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीची कुणी ना कुणी तपासणी केलेली आहे. त्यामागचं कारणही मोठं छान आहे. पैशाने माणूस सुखी होतो का, हे श्रीमंत आणि गरीब माणसांची तुलना करून कळत नाही. त्यांच्यात शिक्षण, तब्येत, स्वभाव, घरची परिस्थिती असे शंभर फरक असतात, आणि मुळात आनंदी माणसंच जास्त कमावत असतील तर? खरा प्रयोग करायचा तर चिठ्ठ्या टाकून काही जणांना भरपूर पैसे द्यायला हवेत आणि बाकीच्यांना काहीच नाही. इतका पैसा कुठल्या प्रयोगशाळेकडे असणार? पण सोडतीत नेमकं हेच घडतं. एकाच दिवशी सारखीच तिकिटं घेतलेल्या दोघांपैकी एकाचा नंबर लागतो आणि दुसऱ्याचा लागत नाही. दोघांत फरक असतो तो फक्त नशिबाचा. संशोधकांसाठी यापेक्षा मोठं घबाड नाही.

नशिबाचा आकडा एकदा पाहून घेऊ. ४९ आकड्यांतून ६ निवडायचे असतील तर सहा-सहा आकड्यांचे वेगवेगळे संच होतात १,३९,८३,८१६. सेकंद मोजत बसलात तर एवढे सेकंद भरायला जवळजवळ १६२ दिवस लागतात. त्या १६२ दिवसांतला एक ठरावीक सेकंद डोळे मिटून ओळखायचा, म्हणजे पहिलं बक्षीस. दर आठवड्याला एक तिकीट काढणाऱ्याला सरासरी २ लाख ६९ हजार वर्षं थांबावं लागेल. तिकीट काढू नका, एवढंच हे गणित सांगतं. मनातले मांडे खायला मात्र तिकीट लागत नाही.

हे मांडे मेंदूत भाजले कसे जातात, हा भाग मला फार आवडतो. २००७ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी पाच रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या रुग्णांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला दोन्ही बाजूंनी इजा झाली होती, त्यामुळे नव्या आठवणी साठत नव्हत्या. त्यांना सांगितलं, एखाद्या सुंदर समुद्रकिनाऱ्यावर पहुडला आहात अशी कल्पना करा आणि दिसेल ते सांगा. निरोगी माणसं वाळू, लाटा, ऊन, दूरची होडी असं एकसंध चित्र उभं करतात. या पाचांपैकी चौघांना सुटे तुकडेच दिसत होते, त्यांचं चित्र काही जुळेना. आठवण आणि कल्पना यांचा कारखाना बराचसा एकच आहे, याचा हा मोठा पुरावा ठरला. उद्याचं घर आपण कालच्या आठवणींच्या विटांनीच बांधतो.

आणि विटा निवडताना मन ठळक तेवढ्याच उचलतं. स्वप्नातल्या घरात गृहप्रवेशाचा दिवस असतो, गळणारा नळ नसतो. डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा पुन्हा दाखवलं आहे की एखाद्या घटनेने आपल्याला किती आणि किती काळ आनंद किंवा दुःख होईल, याचा अंदाज आपण बहुतेक वेळा वाढवून करतो. आपण घटनेकडे बघतो आणि तिच्या भोवतीचा रोजचा दिवस विसरतो.

लॉटरी आणि सुख यांवरचा सगळ्यांत गाजलेला अभ्यास १९७८ चा आहे. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या लॉटरीतल्या २२ विजेत्यांना, तसंच बक्षीस न लागलेल्या २२ जणांना, आपण किती सुखी आहोत हे शून्य ते पाच या पट्टीवर सांगायला लावलं. विजेत्यांची सरासरी ४.०० आली, इतरांची ३.८२. म्हणजे दखल घ्यावी असा फरक नाही. शिवाय मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादा विनोद, कुणी केलेलं कौतुक अशा लहान गोष्टींतली मजा विजेत्यांना इतरांपेक्षा कमी वाटत होती. घबाडाचा क्षण इतका उंच, की त्याच्या शेजारी रोजचे आनंद बुटके दिसू लागतात, असा अर्थ त्यातून काढला गेला.

या अभ्यासाची गोष्ट होऊन ती जगभर फिरली: पैसा मिळाला तरी माणूस होता तिथेच येतो. ऐकायला बरं वाटतं, विशेषतः ज्यांना लॉटरी लागलेली नाही त्यांना. पण २२ माणसं म्हणजे फारच थोडी झाली. बक्षीस लागण्याआधी ती किती सुखी होती, याची नोंदही कुणाकडे नव्हती. याच अभ्यासात अपघाताने अपंगत्व आलेले २९ जण होते. तेही विजेत्यांइतकेच सुखी निघाले, असं सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्यांची सरासरी २.९६ होती. मूळ आकडे कुणी बघतच नाही, याची मला खंत वाटते.

तसाच आणखी एक आकडा फिरतो. लॉटरी लागलेल्यांपैकी ७० टक्के लोक काही वर्षांत कफल्लक होतात म्हणे. हा आकडा अमेरिकेतल्या ज्या आर्थिक शिक्षण संस्थेच्या नावावर खपवला जात होता, तिनेच २०१८ मध्ये जाहीर केलं की आमच्या कुठल्याही संशोधनाचा याला आधार नाही.

मग खरं काय? आजवरचं सगळ्यांत भरवशाचं उत्तर स्वीडनमधून आलं. तिथे लॉटरीच्या आणि सरकारी नोंदी जोडून पाहता येतात. एरिक लिंडक्विस्ट, रॉबर्ट ऑस्टलिंग आणि डेव्हिड सेसारिनी यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी हजारो खेळाडूंना सोडतीनंतर ५ ते २२ वर्षांनी प्रश्न विचारले. मोठं बक्षीस लागलेली माणसं आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी होती, आणि दहा वर्षं उलटून गेल्यावरही ते समाधान ओसरलेलं नव्हतं. या क्षणी किती आनंदी वाटतं यावरचा आणि मानसिक आरोग्यावरचा परिणाम मात्र त्याहून कमी होता. मला हा फरक फार मोलाचा वाटतो. पैशाने रोजची सकाळ जास्त हसरी होईलच असं नाही. पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना "ठीक चाललंय" असं म्हणण्याचं बळ त्याने येतं, कारण डोक्यावरची काळजी उतरलेली असते.

नोकरीचंही तसंच. "दुसऱ्या दिवशी राजीनामा" ही ओळ प्रत्येकाच्या यादीत असते. स्वीडनमधल्याच २०१७ च्या अभ्यासात विजेत्यांची वार्षिक कमाई बक्षिसाच्या रकमेच्या साधारण एक टक्क्याइतकीच कमी झालेली दिसली. माणसं काम थोडं कमी करतात, सोडून देत नाहीत. त्यात आणखी एक बारकावा होता: ज्याच्या नावावर तिकीट, त्याने काम जास्त कमी केलं, जोडीदाराने त्यापेक्षा कमी. पैसा एकाच घरात आला, तरी तो दोघांचा सारखा होत नाही.

कर्जाची ओळ मात्र आपल्याला वाटते तितकी सरळ नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ५० हजार ते दीड लाख डॉलरची बक्षिसं मिळालेल्यांची तुलना किरकोळ बक्षिसं मिळालेल्यांशी केली गेली. मोठ्या बक्षिसाने दिवाळखोरी टळली नाही, फक्त पुढे ढकलली गेली. पहिली दोन वर्षं बरी गेली आणि टळलेल्या दिवाळखोरीने तिसऱ्या ते पाचव्या वर्षांत गाठलंच. एकदाच मिळालेली मधल्या आकाराची रक्कम जुनी घडी बदलायला पुरत नाही, असं यावरून दिसतं.

आता पानाची उजवी बाजू.

वाट्यांचा विचार करताना आपण देणारा आणि घेणारा एवढे दोघेच बघतो. तिसरा असतो शेजारी. नेदरलँड्समध्ये एक लॉटरी आहे, तिच्यात बक्षीस पिनकोडला लागतं. तिथला पिनकोड जेमतेम वीसेक घरांचा असतो. त्या कोडमध्ये ज्यांनी तिकीट घेतलं, त्यांना प्रत्येक तिकिटामागे १२,५०० युरो मिळत. न घेणाऱ्याला काहीच नाही, पण बक्षीस शेजारी लागलेलं रोज दिसतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं की विजेत्यांच्या शेजारी राहणारी, स्वतःला काहीच न मिळालेल्या कुटुंबांमध्येसुद्धा नवी गाडी घेण्याचं प्रमाण वाढलं होतं. कॅनडातल्या एका अभ्यासाने पुढची पायरी दाखवली: बक्षीस जितकं मोठं, तितकं विजेत्याच्या आसपासच्या घरांत दिवाळखोरीचं प्रमाण जास्त. या दिवाळखोर शेजाऱ्यांकडे घर, गाडी अशी दिसणारी मालमत्ता वाढलेली होती, बचत नव्हती. एकाच्या सुखाचा भार दुसऱ्याने न मागता उचललेला असतो, हे वाचून मी बराच वेळ त्या पानावरच थांबले होते.

आणि मुद्दाम, मनापासून वाटून दिलं तर? एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये सायन्स या नियतकालिकात एक साधा प्रयोग मांडला. सकाळी माणसांच्या हातात पाकीट द्यायचं, आत ५ किंवा २० डॉलर. काहींना सांगायचं, संध्याकाळी पाचपर्यंत स्वतःवर खर्च करा. काहींना सांगायचं, दुसऱ्या कुणावर तरी करा. दुसऱ्यांवर खर्च करणारे संध्याकाळी जास्त आनंदी होते, आणि ५ की २० याने काही फरक पडला नाही. बाहेरच्या लोकांना निकाल ओळखायला सांगितला, तर बहुतेकांचा अंदाज उलटा आला: २० डॉलर आणि तेही स्वतःवर, यातच सुख जास्त. या प्रयोगात ४६ जणच होते, म्हणून शंका रास्त होती. २०२० मध्ये याच गटाने, आधी पद्धत नोंदवून, सातशेहून जास्त माणसांवर प्रयोग पुन्हा केला. दिशा तीच निघाली.

पण पाच डॉलरचं औदार्य सोपं असतं. घबाड मिळाल्यावर माणूस कसा वागेल? एका निनावी दांपत्याने २० लाख डॉलर दिले आणि त्यातून सात देशांतल्या २०० जणांना प्रत्येकी १०,००० डॉलर देण्यात आले. अट एकच, तीन महिन्यांत संपवायचे. तुलनेसाठी काहीच न मिळालेले १०० जण होते. पैसे मिळालेल्यांचं सुख वाढलं, आणि गरीब देशांतल्या लोकांचं श्रीमंत देशांतल्यांच्या तिप्पट वाढलं. खर्चाच्या नोंदी पाहिल्या, तर सरासरी ६,४०० डॉलरहून जास्त रक्कम घरच्यांवर, मित्रांवर, अनोळखी माणसांवर आणि संस्थांवर गेली होती. निम्म्या लोकांना खर्च समाजमाध्यमांवर सांगायला लावलं होतं, निम्म्यांना गुप्त ठेवायला. दोन्ही गट जवळपास सारखेच उदार निघाले. लोकांनी बघावं म्हणून माणूस देतो, या समजाला इथे तरी आधार मिळाला नाही.

देण्यात एक जुनं गणितही दडलेलं आहे. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्ये एक कोडं घातलं: एका अत्यंत गरीब माणसाला तिकीट मिळालं, त्यावर निम्मी शक्यता २०,००० मोहरांची, निम्मी काहीच नाही. सरासरी किंमत झाली १०,०००. कुणी रोख ९,००० देऊ केले तर त्याने तिकीट विकावं का? जरूर विकावं, असं बर्नुली म्हणतो. कारण पैशाचं मोल त्याच्या आकड्यावर ठरत नाही, आधी जवळ किती आहे त्यावर ठरतं. त्याच्या सूत्रात संपत्ती दुप्पट झाली की समाधान एक पायरी चढतं, मग ती एकाची दोन होवो की हजाराची दोन हजार.

हे सूत्र वापरून ताईचं पान पुन्हा मांडून बघू. समजा प्रत्येकाकडे एक भाग आहे आणि लॉटरी लागली हजार भागांची. सगळं एकानेच ठेवलं तर एकाचे हजार होतात, म्हणजे जवळजवळ दहा वेळा दुप्पट, दहा पायऱ्या. तेच दहा जणांत सारखं वाटलं, तर प्रत्येकाकडे शंभराच्या आसपास. एकाचे चौसष्ट व्हायला सहा पायऱ्या, एकशे अठ्ठावीस व्हायला सात. म्हणजे प्रत्येकी साडेसहाहून थोड्या जास्त. दहा जणांच्या मिळून साठाच्या पुढे. आणि ज्याने तिकीट काढलं, तो उतरला किती? दहावरून साडेसहावर.

या पायऱ्या सगळ्यांच्या सारख्या नसतात. ज्याच्याकडे एक भागही नाही, पाव भागच आहे, त्याला तेच शंभर दिले तर तो आणखी दोन पायऱ्या चढतो. म्हणून वाटे करताना पहिला प्रश्न "जवळचं कोण" हा नाही, "आत्ता सगळ्यांत कमी कुणाकडे आहे" हा आहे. आमच्या पानावर पहिलं नाव आत्याचं नव्हतं, काकांचंही नव्हतं. शेजारच्या खोलीत दिवसभर शिवणयंत्र चालवणाऱ्या मावशींचं होतं. त्या वर्षी त्यांचे यजमान अंथरुणाला खिळले होते आणि मशीनचे हप्ते थकले होते. ताई तेव्हा तेरा वर्षांची होती.