अलांग महाराष्ट्रात तीन तास थांबली होती

2025च्या नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेने मणिपूरमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवले. त्यातली अलांग ही तरुण मादी एक रात्र तेलंगणात टेकली, तीनेक तास आपल्या महाराष्ट्रात थांबली आणि समुद्र ओलांडून थेट केनियाला पोचली. 6 दिवस 14 तासांत सुमारे 5,600 किलोमीटर! लगेच ‘निसर्गाचा चमत्कार’ असे मथळे झळकले. चमत्कार कसला? हे शरीरशास्त्र आहे, आणि ते कुठल्याही चमत्कारापेक्षा सरस आहे.

हा पक्षी जेमतेम दीडशे ग्रॅमचा. सैबेरिया आणि ईशान्य चीनकडून तो ऑक्टोबरात ईशान्य भारतात उतरतो, तेव्हा तिथे पंख फुटलेली वाळवी जमिनीतून थव्याथव्याने बाहेर पडत असते. ससाणा उडता उडता ती पायात पकडतो, पाय चोचीशी नेतो आणि हवेतच गिळतो. थोड्याच दिवसांत अंगावर चरबी चढते. चरबीच का? एक ग्रॅम चरबीतून 9 किलोकॅलरी मिळतात, कर्बोदकांतून 4. शिवाय ग्लायकोजेन, म्हणजे कर्बोदकांचा शरीरातला साठा, बाळगायचा तर त्याच्या साधारण तिप्पट पाणी सोबत वाहावं लागतं. चरबी जवळजवळ कोरडीच साठते. आणि ती जळते तेव्हा तिच्यातल्या हायड्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होतं, ग्रॅमला जवळपास ग्रॅमभर! म्हणजे अरबी समुद्रावर तहान-भूक दोन्ही एकाच शिदोरीवर भागते. त्यात ईशान्येचा वारा पाठीशी.

ही शिदोरी बांधायची जागाच एकेकाळी सापळा झाली होती. 2012मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून दिवसाला 12 ते 14 हजार ससाणे मारले जात होते, असा अंदाज आहे. पुढच्याच वर्षी पांगतीसारख्या गावांतल्या लोथा नागा लोकांनी शिकार बंद पाडली. मणिपूरच्या तामेंगलाँगमध्ये तरुणांच्या रेनफॉरेस्ट क्लबने गावोगावी हे काम अंगावर घेतलं. तिथले रोंगमेई नागा लोक या पक्ष्याला ‘अखुआइपुइना’ म्हणतात. 2015पासून त्याच्यासाठी तिथे उत्सव भरतो, पारंपरिक नाचगाणी होतात. तरीही 2018मध्ये ट्रान्समीटर लावलेला एक नर काही दिवसांतच मारला गेला. त्याचं नाव ‘मणिपूर’ ठेवलं होतं.

2019मध्ये ट्रान्समीटर लावलेल्या ससाण्यांपैकी दोघांना नावं दिली चिउलुआन आणि इरांग. एक तिथलं गाव, दुसरी तिथली नदी.

नोव्हेंबरात लोणावळ्याच्या पठारावर तारेवर नारिंगी पायांचा छोटा ससाणा बसलेला दिसला, तर तो बहुधा ईशान्य भारतातली वाळवी खाऊनच निघालेला असतो.