प्लास्टिकची खुर्ची ‘तेल सुकून’ तडकत नाही

गच्चीवरची खुर्ची काही उन्हाळ्यांनी तडकली की ‘प्लास्टिकमधलं तेल सुकलं’ असं सर्रास सांगतात, वर खोबरेल चोळायचा सल्लाही देतात. मऊ पीव्हीसीच्या बाबतीत, म्हणजे बागेचा पाइप किंवा रेक्झिन, यात तथ्य आहे. त्यात मऊपणासाठी घातलेलं द्रव्य हळूहळू निघून जातं. खुर्ची मात्र सहसा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या वेगळ्या प्लास्टिकची असते. तिच्यात तसलं तेल घातलेलंच नसतं.

पॉलिप्रॉपिलीनमध्ये स्फटिकांच्या पातळ चकत्या असतात आणि त्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या रेणूंच्या लांब साखळ्या मधल्या विस्कळीत भागातून जातात. उन्हातली अतिनील किरणं आणि हवेतला ऑक्सिजन मिळून याच साखळ्या तोडतात. सुटे झालेले आखूड तुकडे स्फटिकांत जाऊन बसतात, पृष्ठभाग आकसतो, बारीक भेगा पडतात. वजन पडलं की त्यातलीच एखादी भेग आतल्या चांगल्या थरातही घुसते.

म्हणून दाबून पाहणं फसवं ठरतं. कडकपणा टिकतो, बऱ्याचदा थोडा वाढतोही. जाते ती ताण सोसून लांबायची क्षमता. पाय आसनाला जुळतो तिथे नख ओढा. पांढरी पूड निघाली किंवा भेगांचं जाळं दिसलं, तर त्या खुर्चीवर बसू नका, चढू तर नकाच.

तेलाने तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत. संरक्षण कारखान्यातच घालावं लागतं: पाण्याच्या काळ्या एचडीपीई (दाट पॉलिथिन) पाइपात त्यासाठी सुमारे २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, असते. नायलॉनची गोष्ट निराळी. नुसते कोरडे पडून ठिसूळ झालेले नायलॉनचे केबल टाय (तारा बांधायच्या पट्ट्या) पाण्यात भिजवले की पुन्हा वाकतात. उन्हाने खाल्लेले मात्र नाही.