'जाशीन कुठी?' : नवऱ्याचा मार कशानं वाढतो अन् कशानं कमी होतो

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीकडच्या गावात लहानपणी रात्रीचे दोन आवाज ठरलेले होते, एक वावरातली मोटर सुरू झाल्याचा अन् दुसरा शेजारच्या घरातून काकूच्या रडण्याचा. त्या दुसऱ्या आवाजाच्या शेवटी काकांचं एकच वाक्य यायचं, "जाशीन कुठी?" माझी आजी खाटेवर कूस बदलायची अन् म्हणायची, "पेऊन आला असन." बस, तेवढंच. सगळ्या गावाला तेवढं कारण पुरत होतं.

मी आता जुनिअर कॉलेजला गणित शिकवते, त्यामुळे आकडे दिसले की त्यांच्या मागे जायची सवय लागलीय. अन् नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीवर जगात जे संशोधन झालंय ते वाचत गेले तसं एक गोष्ट पक्की होत गेली, दारू हे कारण आहेच पण खरी मेख काकांच्या त्या वाक्यात आहे. बाईला जायला जागा आहे की नाही, यावर मार किती पडेल हे बऱ्यापैकी ठरतं.

आधी आकडा कुठून येतो ते बघू, कारण इथेच बरेच जण चुकतात. पोलिसातल्या तक्रारी म्हणजे मारहाण नव्हे, त्या फक्त तक्रारी. खरा अंदाज येतो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून. त्यात एका घरातल्या एकाच बाईला हे प्रश्न विचारतात, विचारणारी बाईच असते, आणि आजूबाजूला कोणी असेल तर हा भाग विचारतच नाहीत. "मारहाण होते का" असं मोघम नाही विचारत, थापड मारली का, केस ओढले का, हात पिरगाळला का, जाळायचा प्रयत्न केला का, असं एकेक विचारतात, कारण आपल्याकडे दोन थापडा म्हणजे मार असं बायाच मानत नाहीत. २०१५-१६ च्या फेरीत देशात लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या ३१ टक्के बायांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं होतं, २०१९-२१ च्या फेरीत ते २९ टक्क्यांवर आलं. पण आपल्या महाराष्ट्रात उलट झालं, २१ चे २५ झाले. आणि लॉकडाऊनमुळे वाढलं म्हणाल तर तसं नाही, महाराष्ट्रातलं हे काम २०१९ मध्येच आटोपलं होतं. कर्नाटकात तर २१ चे थेट ४४ झाले.

आता चार-पाच वर्षांत एखाद्या राज्यातले नवरे दुप्पट मारायला लागले का? असा आकडा वाढतो तेव्हा दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात, मार वाढणं अन् सांगणं वाढणं. पंचायतीत बायांना आरक्षण मिळालं तेव्हाचा एक अभ्यास यासाठी लय महत्त्वाचा आहे. वेगवेगळ्या राज्यांत आरक्षण वेगवेगळ्या वर्षी लागू झालं, म्हणून संशोधकांना आधीचं अन् नंतरचं ताडून पाहता आलं, तर बाया सत्तेत आल्यावर बायांवरच्या गुन्ह्यांची नोंद ४६ टक्क्यांनी वाढली. बातमी म्हणून वाचलं तर भयंकर वाटतं, पण त्यांनी खोलात जाऊन पाहिलं तर गुन्हे वाढल्यापेक्षा तक्रार करायची हिंमत वाढली होती अन् पोलिसही ऐकून घ्यायला लागले होते. म्हणून आपल्या तालुक्यात तक्रारी वाढल्या की लगेच "जमाना बिघडला" म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. मला जास्त भीती वाटते ती जिथं एकही तक्रार नाही त्या गावाची. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात, ज्यांनी मार खाल्ला त्यातल्या ७७ टक्के बायांनी ते कोणाला सांगितलेलंच नाही, मदत मागणं तर सोडाच.

मार खरोखर कमी झाला असा मोठा अन् नीट मोजलेला दाखला अमेरिकेतला आहे. तिथं १९९४ ते २०१० मध्ये जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचा दर ६४ टक्क्यांनी खाली आला. त्या काळात तिथं एकूणच गुन्हे कमी होत होते हे खरं, पण तेवढ्यानं भागत नाही. ही घसरण सुरू असतानाच, २००३ मध्ये, एमी फार्मर आणि जिल टीफेनथेलर या दोघींनी त्यामागची कारणं शोधली आणि त्यांना तीन सापडली : बायांचं शिक्षण-कमाई वाढली, लोकसंख्येचं सरासरी वय वाढलं (तरण्या वयात हिंसा जास्त असते म्हणून) आणि तिसरं म्हणजे गरीब बायांना वकिलाची मदत मिळायला लागली. तात्पुरत्या निवाऱ्यांचा अन् हेल्पलाइनचा तसा ठळक परिणाम त्यांना दिसला नाही, वकिलाचा दिसला. थोडं विचार केला की कळतं, निवारा त्या रात्रीपुरता जीव वाचवतो अन् तो पाहिजेच, पण पोटगी, लेकरांचा ताबा, नवऱ्याला लांब ठेवायचा कोर्टाचा आदेश, हे मिळालं तरच बाई परत त्याच दारात येत नाही.

तिथलीच अजून एक गोष्ट. १९७० नंतर काही राज्यांनी घटस्फोटाचा कायदा असा बदलला की एकाला लग्न नको असेल तर दुसऱ्याच्या संमतीची गरज नाही. ज्या राज्यांनी बदलला तिथं घरातली हिंसा साधारण ३० टक्क्यांनी कमी झाली, बायांच्या आत्महत्याही कमी झाल्या. सगळ्या बाया काही सोडून गेल्या नाहीत, पण ही जाऊ शकते एवढं नवऱ्याला कळलं तरी हात आवरतो. मजुरीचंही असंच, कॅलिफोर्नियात १९९० ते २००३ मध्ये जी हिंसा कमी झाली त्यातला ९ टक्के हिस्सा बाई अन् पुरुषाच्या मजुरीतली तफावत कमी झाल्यामुळे होता असा अ‍ॅना एझर यांचा हिशोब आहे. यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे ती बाई स्वतः कामाला जाते का यापेक्षा गेली तर तिला काय मिळेल, हे धरलंय. म्हणजे निंदणाची अन् वेचणीची मजुरी वाढली तर जी बाई वावरात पाऊल ठेवत नाही तिच्याही घरातलं वजन थोडं वाढतं.

हे झालं कमी होण्याचं. वाढतो कशानं, ते मात्र आपल्या कोरडवाहू भागाला वेगळं सांगायची गरज नाही. तरी आकडा ऐका. शीतल सेखरी आणि अ‍ॅडम स्टोरीगार्ड यांनी २००२ ते २००७ मधले देशभरातले जिल्हावार पावसाचे अन् गुन्ह्यांचे आकडे एकापुढे एक मांडले. पाऊसच का घेतला? कारण पाऊस काही कोणाच्या घरातलं भांडण पाहून पडत नाही. गरीब घरात मार जास्त दिसला तर गरिबीमुळे मार की मारकुट्या, पिणाऱ्या माणसामुळे गरिबी, हे सांगता येत नाही, पण पाऊस वरून येतो, त्यामुळे त्याच्या मागोमाग जे बदललं ते पावसाच्या खात्यावर टाकता येतं. तर एखाद्या वर्षी जिल्ह्यात नेहमीपेक्षा पाऊस बराच कमी झाला (गणितात ज्याला एक प्रमाण विचलन म्हणतो तेवढा) की हुंडाबळी ७.८ टक्क्यांनी वाढतात अन् घरगुती हिंसेच्या नोंदी ४.४ टक्क्यांनी. नुसता राग किंवा टेन्शन म्हणून सोडून देऊ नका, यात एक हिशोब आहे. पीक गेलं, सोसायटीचं कर्ज थकलं, सावकार दारात, मग पैसा आणायची एकच खिडकी उरते, बायकोचं माहेर. "तुह्या बापाले म्हण पन्नास हजार दे." बाप देत नाही किंवा त्याचंही वावर कोरडंच, मग मार सुरू. आपल्याकडे उलंगवाडी झाली म्हणजे कापसाचा हंगाम संपला, चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा हातात आला अन् तो देणेकऱ्यांतच संपला की पुढचे दोन-तीन महिने घराघरात काय वातावरण असतं ते आपण पाहिलेलं आहे, शेतकरी आत्महत्यांवर आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे, पण त्याच घरात त्याच कर्जापायी बाईनं खाल्लेला मार कोणत्याच पंचनाम्यात येत नाही.

उन्हाचंही तसंच आहे. भारत, पाकिस्तान अन् नेपाळ मिळून जवळपास १ लाख ९५ हजार बायांच्या माहितीवरून २०२३ मध्ये एक अभ्यास आला, वर्षाचं सरासरी तापमान १ अंशानं वाढलं की जोडीदाराकडून होणारी हिंसा साधारण साडेचार टक्क्यांनी वाढते. ब्रह्मपुरी-चंद्रपूरला ४६-४७ चा पारा पाहणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. बाहेर मजुरी बंद, रात्री झोप नाही, टिनाच्या खोलीत सगळे कोंडलेले, अन् भडका उडाला की सोसायला तीच पुढे.

आता दारू. आजी चुकीची नव्हती. त्याच सर्वेक्षणात, ज्यांचा नवरा नेहमी पिऊन तर्र असतो अशा ७० टक्के बायांनी हिंसा सोसलेली आहे, जो पितच नाही त्याच्या बायकोत हे प्रमाण २३ टक्के. बिहारमध्ये २०१६ ला दारूबंदी झाली, तिचा परिणाम तपासणाऱ्या २०२४ च्या अभ्यासाचा अंदाज असा की तिथं २१ लाख बायांवरची नवऱ्याची हिंसा टळली. वर्ध्यात १९७० च्या दशकापासून, गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला झाली अन् २०२१ ला उठली. चंद्रपूरच्या बाया बंदीसाठी थेट नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी चालत गेल्या होत्या, त्यांना कोणी अभ्यास वाचून दाखवला नव्हता, त्यांच्या पाठीलाच ते माहीत होतं. बंदी असली तरी चोरटी दारू पोचते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी माझं मत असं की गावातल्या अर्ध्याहून जास्त बायांना आडव्या बाटलीवर (दारूबंदीच्या खुणेवर) मत देऊन दुकान बंद करता येतं, ही ताकद साधी नाही. फक्त त्या २३ टक्क्यांकडे परत एकदा बघा. थेंबभर न पिणाऱ्याच्या घरातही दर चार-पाच बायांमागे एक. म्हणजे दारू हात सैल करते, पण हात उचलायची परवानगी आधीच कोणीतरी दिलेली असते. अमुक एका कारणासाठी बायकोला मारणं बरोबर आहे असं देशातले ४४ टक्के पुरुष म्हणतात अन् बाया ४५ टक्के. बाया एक टक्का जास्तच. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी वही बंद करून ठेवली होती.

मग बाईनं कमवायला लागावं, झालं का सगळं? एवढं सोपं असतं तर काय. बंगळुरूमधल्या गरीब वस्त्यांत त्याच त्या बायांना पुन्हा पुन्हा भेटून केलेला अभ्यास आहे, २०१० चा. ज्या बायांनी मधल्या काळात नवं काम धरलं त्यांच्यावर हिंसा होण्याची शक्यता काम न धरणाऱ्यांपेक्षा ८० टक्क्यांनी जास्त निघाली. अन् ज्यांच्या नवऱ्याचं चांगलं चाललेलं काम अडचणीत आलं त्यांचंही जवळपास तेच. बायको कमवते अन् आपण बसून, हे ज्याला सहन होत नाही तो ते मारून भरून काढतो. आपल्याकडे बचत गटाचं कर्ज बायकोच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या खिशात अन् हप्त्याच्या दिवशी मार पुन्हा बायकोलाच, असं किती घरी आहे. कमाई हातातून हिसकून घेता येते.

जमीन मात्र हिसकता येत नाही, निदान एवढ्या सहज नाही. प्रदीप पांडा आणि बीना अग्रवाल यांचा केरळमधला अभ्यास (२००५) मी दरवर्षी पोरींना सांगते. ज्या बायांच्या नावावर ना घर ना जमीन, त्यातल्या ४९ टक्क्यांनी शारीरिक मार खाल्लेला. जमीन असेल तर १८ टक्के, घर असेल तर १०, अन् दोन्ही असेल तर ७. एकोणपन्नास अन् सात! शिक्षण, नवऱ्याची नोकरी, पिणं वगैरे सगळं हिशोबात धरून सुद्धा फरक टिकला. कारण पगार, मजुरी कोणाला दिसत नाही पण घर दिसतं, अन् नवरा तिला त्यातून बाहेर काढू शकत नाही. "जाशीन कुठी?" हे वाक्यच तिथं चालत नाही.

नुसता पैसा अन् पैशासोबत बोलणं यातला फरक दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपो भागात तपासला गेला. गरीब बायांच्या गटांना कर्ज दिलं, सोबत दर बैठकीत हिंसा, शरीर, नवरा-बायकोचं नातं यावर मोकळं बोलणं ठेवलं. दोन वर्षांत हिंसा ५५ टक्क्यांनी कमी झाली. शेजारच्या भागात फक्त कर्ज दिलं होतं, तिथं हातात पैसा आला पण हिंसेत तसा फरक नाही. आपले बचत गट दर महिन्याला बसतात, सही होते, हप्ता जमा होतो अन् उठतात. बस, अजून अर्धा तास बसायचं आहे.

कायद्यात जागा कागदावर तरी आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा (२६ ऑक्टोबर २००६ पासून लागू) सांगतो की घर कोणाच्याही नावावर असो, बायकोला कायदेशीर मार्गाशिवाय राहत्या घरातून काढता येत नाही, अन् सासूसासऱ्याच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं असं सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न किती हे न पाहता, त्यासाठी तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. हे माझ्या वर्गातल्या पोरींना माहीत नव्हतं, त्यांच्या मायांना तर नाहीच. बायांच्या हेल्पलाइनचा १८१ नंबर तेवढा काहींना पाठ होता.

अन् सातबारा. नव्वदीच्या सुरुवातीला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीचा कार्यक्रम घेतला होता, शेतकऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला, पुढं सरकारनंही त्याच नावानं बायकोला सातबाऱ्यावर सहहिस्सेदार करायची सोय ठेवली. आजही नवरा तलाठ्याकडे तसा अर्ज देऊ शकतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरांच्या नोंदीत, घराला दोघांची नावं लागतात, घरकुल तर बाईच्या किंवा दोघांच्या नावानंच येतं.

काकूंच्या घरकुलाचा कागद मागच्या पोळ्याला मी वाचून दाखवला त्यांना, चष्मा नव्हता त्यांच्याकडे. स्वतःचं नाव कुठं लिहिलंय ते बोट ठेवून दाखव म्हणाल्या. मी दाखवलं. मग त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली अन् पिशवी डाळीच्या डब्यात.