व्हिकारने ‘हो’ म्हटलं म्हणजे फॅकल्टी मिळाली असं नव्हे

इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या दफनभूमीत कबरीवर दगड बसवायचा तर कायदेशीर मार्ग दोनच: व्हिकारची, म्हणजे त्या चर्चच्या धर्मगुरूची, लेखी परवानगी किंवा फॅकल्टी. इथे फॅकल्टीचा विद्याशाखेशी काही संबंध नाही. हा चर्चच्या न्यायालयाने दिलेला परवाना असतो. पुष्कळ जण समजतात की साध्या दगडाला व्हिकारची सही पुरते, आणि जरा वेगळा दगड हवा असला की व्हिकारला थोडं जास्त समजवावं लागतं. नेमका इथेच घोटाळा होतो, आणि त्यापायी बसवलेले दगड उपटावे लागतात.

व्हिकारचा अर्ज बहुतेकांना माहीत असतो. पाथरवट फॉर्म भरतो, त्यावर मापं, दगडाचा प्रकार आणि मजकूर लिहितो, शुल्क भरलं जातं आणि सही मिळते. त्यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते ही सही कुणाच्या अधिकाराने होते हे समजणं. पवित्रीकरण झालेल्या दफनभूमीवर अधिकार चालतो तो धर्मप्रांताच्या (एका बिशपच्या अधिकारक्षेत्राच्या) कन्सिस्टरी कोर्टाचा, म्हणजे चर्चच्या न्यायालयाचा, आणि त्याचा न्यायाधीश असतो चॅन्सलर. तिथे काहीही उभारायला मुळात त्याचीच परवानगी लागते. प्रत्येक हेडस्टोनसाठी कोर्टात जाणं कुणालाच झेपणारं नाही, म्हणून चॅन्सलर नियमावली काढतो आणि त्या चौकटीपुरता आपला अधिकार व्हिकारकडे सोपवतो. मुखत्यारपत्रासारखंच हे आहे. मुखत्यारपत्रात नसलेलं शेत मुखत्याराने विकलं, तर त्याची सही कितीही खरी असली तरी व्यवहार टिकत नाही. चौकटीबाहेरच्या दगडाला व्हिकारने दयेपोटी दिलेली परवानगी तशीच निरर्थक ठरते. चर्चवॉर्डन (चर्चचा कारभार पाहणारे निवडलेले सदस्य) किंवा पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीची, कौन्सिल यांना तर तो अधिकार मुळीच नसतो.

चौकट प्रत्येक धर्मप्रांताची वेगळी असते, म्हणून आपल्या धर्मप्रांताचीच नियमावली वाचा. तरी सर्वसाधारण मापं अशी: उंची जास्तीत जास्त १२०० मिमी, रुंदी ९०० मिमी, जाडी १५० मिमी, कमीत कमी ७५० मिमी उंच, ५०० मिमी रुंद आणि ७५ मिमी जाड. स्लेटचा दगड याहून पातळ चालतो. आरशासारखा चकाकणारा काळा ग्रॅनाइट, पांढरा संगमरवर, कबरीभोवतीचा कठडा, रंगीत खडी, हृदयाचा किंवा उघड्या पुस्तकाचा आकार आणि मृताचा फोटो या गोष्टी सहसा चौकटीबाहेर असतात. जुन्या दगडावर दुसरं नाव कोरायलाही नव्याने परवानगी लागते. अनेक ठिकाणी दफनानंतर सहा महिने थांबण्याची अट असते आणि ती योग्यच आहे. माती बसायच्या आत उभा केलेला दगड कलतो.

‘शेजारच्या कबरीवर काळा ग्रॅनाइट आहे, मग आम्हाला का नाही?’ हा युक्तिवाद एकट्याने फारसा उपयोगी पडत नाही. शेजारचा दगड चुकून किंवा जुन्या नियमांनुसार लागलेला असू शकतो, आणि एका चुकीमुळे दुसरीला हक्क मिळत नाही.

चौकटीबाहेरचंच हवं असेल तर फॅकल्टीसाठी अर्ज करा. तो अर्ज म्हणजे व्हिकारशी भांडण नव्हे. व्हिकारने चौकटीतल्या दगडालाही नकार दिला, तरी हाच मार्ग खुला असतो. आधी धर्मप्रांताच्या सल्लागार समितीचं मत घ्यायचं. तिला मापांसह आराखडा, दगडाचं नाव आणि घडाई, विरामचिन्हांसकट पूर्ण मजकूर, पाया कसा बसवणार ते आणि आजूबाजूच्या कबरींचे फोटो द्यावे लागतात. मग कोर्टाकडे अर्ज, २८ दिवसांची जाहीर नोटीस, हरकती आणि शेवटी चॅन्सलरचा निर्णय. यात सहज काही महिने जातात, म्हणून फॅकल्टी हाती येण्याआधी पाथरवटाला दगड कापायला सांगू नका. कापलेला दगड दाखवून कोर्टाचं मन वळत नाही. परवानगीशिवाय बसवलेला दगड काढून टाकायचा आदेश होऊ शकतो, आणि खर्च कुटुंबाच्या गळ्यात पडू शकतो.

दोन छोट्या गोष्टी. पॅरिशमध्ये राहणाऱ्याला, तिथे मृत्यू आलेल्याला किंवा चर्चच्या इलेक्टोरल रोलवर (सदस्यांच्या यादीत) नाव असलेल्याला, जागा असेल तर, दफनाचा हक्क असतो. दगडाचा हक्क त्यात येत नाही. आणि सरकारी आदेशाने बंद झालेल्या दफनभूमीची देखभाल स्थानिक कौन्सिलकडे गेली, तरी परवानगीचा अधिकार चर्चच्या कोर्टाकडेच राहतो.

चर्चच्या आत, भिंतीवर पाटी लावायची असेल तर व्हिकारच्या परवानगीचा प्रश्नच येत नाही. फॅकल्टीच लागते आणि ती सहसा मिळत नाही. ससेक्समधल्या अर्थमच्या चर्चविषयीच्या १९८१च्या निकालात अशी पाटी हा अगदी अपवादात्मक प्रसंगी द्यायचा विशेष मान मानला आहे. उदाहरणार्थ, चर्चची, देशाची किंवा मानवजातीची असामान्य सेवा दाखवावी लागते. वर्षानुवर्षं नेमाने उपासनेला येणं तेवढ्याला पुरत नाही.

मराठी कुटुंबांचा प्रश्न बहुधा देवनागरी मजकुराचा असतो. कॉव्हेंट्रीजवळच्या एक्सहॉल इथल्या सेंट जाइल्स दफनभूमीत एका कुटुंबाला आयरिश भाषेतली ओळ हवी होती. २०२० मध्ये चॅन्सलरने इंग्रजी भाषांतराशिवाय ती कोरायला नकार दिला. २०२१ मध्ये कोर्ट ऑफ आर्चेसने, म्हणजे चर्चच्या वरच्या न्यायालयाने, अपिलात तो निर्णय फिरवला. म्हणजे इंग्रजी सोडून दुसरी भाषा कोरता येते. पण आपल्या नियमावलीने तो अधिकार व्हिकारकडे सोपवला नसेल, तर आयरिश कुटुंबाप्रमाणेच फॅकल्टी मागावी लागेल. अर्जासोबत नेमकं इंग्रजी भाषांतर जोडा. दगडावर भाषांतर नको असेल, तरी मंजुरी देणाऱ्याला मजकूर कळायलाच हवा.

आणि तो मजकूर पाथरवटाला ईमेलमध्ये टाइप करून पाठवू नका. त्याच्या कापणीच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जुळणी नसेल तर ‘स्मृतिप्रीत्यर्थ’मधली ‘ति’ची वेलांटी अक्षराआधी न येता नंतर येते, ‘स्मृ’ आणि ‘त्य’ सुटतात आणि रफार ‘थ’वर न चढता आधी हलंत ‘र्’ म्हणून उभा राहतो. अक्षरांचं आउटलाइनमध्ये (फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेषाकृतींमध्ये) रूपांतर केलेली पीडीएफ द्या, अर्जालाही तीच जोडा, आणि कोरण्याआधी पूर्ण आकाराचा कागदी नमुना मागवून शिरोरेषा सलग आहे का ते तपासा. मंजूर झालेल्या आराखड्यात चूक राहिली, तर पाथरवट तीच चूक कोरेल, आणि ती बदलायला पुन्हा परवानगी लागेल.