फिट, कांदा आणि चप्पल

‘फिट आली की कांदा किंवा चप्पल हुंगवा, लगेच थांबते’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. अनुभव खोटा नसतो. झटके खरंच थांबतात. पण बहुतेक झटके १ ते ३ मिनिटांत आपोआपच शमतात आणि चप्पल शोधून आणेपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो!

मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन पेशींना आवर घालतं. प्रयोगशाळेत उंदराला पिक्रोटॉक्सिन हे विष दिलं की गाबाचं काम अडतं, झटके येतात. डायझेपाम हे औषध गाबाचा परिणाम वाढवून झटके थांबवतं. यात वासाचा संबंध कुठे?

पडताळायचं तर काहीही न हुंगवता घड्याळ लावा. रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. ५ मिनिटं उलटली, तर थेट रुग्णालय.