रविवारच्या सुट्टीआधीचं वाफेचं इंजिन
रविवारी बँक बंद, शाळा बंद, सरकारी कचेरी बंद. हे आपण जन्मापासून बघतो, म्हणून ते पहिल्यापासून तसंच असावं असं वाटतं. पण गिरणी कामगाराला ही सुट्टी भांडून मिळवावी लागली, आणि त्या भांडणाचं मूळ इंजिनात आहे.

१७६९ साली इंग्लंडमध्ये जेम्स वॉटने सुधारित वाफेच्या इंजिनाचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी रिचर्ड आर्कराइटने सूतकताईच्या यंत्राचं. पुढे वाफेवर चाती फिरू लागल्या आणि सूत घरातून गिरणीत गेलं. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी सुरू झाली.

गिरणी चालायची कशी, हे आधी पाहायला हवं. इंजिनघरात एकच मोठं इंजिन. त्याच्या चाकावरून निघालेले दोर आणि पट्टे छताखालचे लांब लोखंडी दांडे फिरवत, आणि दांड्यांवरून खाली उतरलेल्या पट्ट्यांवर खात्यातला, म्हणजे विभागातला, एकेक साचा (यंत्र) चाले. इंजिन सुरू झालं की सगळी खाती सुरू. हातमागावरचा विणकर अंगात ताप असला तर माग उद्यावर टाकू शकत होता. इथे शेकडो माणसं एकाच क्षणी साच्यापाशी उभी हवीत, म्हणून भोंगा आला. विजेचे दिवे येईपर्यंत काम उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, तर राबणंही मोठं.

१८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास ठरवून दिले. सात वर्षांचं मूल आणि नऊ तास! मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हतं.

नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले, जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधू’ या वृत्तपत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या: आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. रविवार हा खंडोबाचा वार, हेही ते सांगत. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास दोन्ही आले, आणि बायकांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा.